शेवंतीचे नाल काढले, आता खूर मीच घासणार. किती घासू?

शेवंतीचा मालक, हिंगणा रोड, नागपूर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे. पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं लिहितो.

माझ्याकडे एकच घोडी आहे, शेवंती. मारवाडी, नऊ वर्षांची, ५८ इंच, टेपने मोजलेलं वजन पावणेचारशे किलोच्या आसपास. सहा वर्षांपूर्वी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली. त्याआधी वडील बर्डीवर टांगा चालवायचे. घोडा म्हटला की नाल आलाच, असंच लहानपणापासून पाहत आलो. त्यावर वेगळा विचार कधी केला नव्हता.

या वैशाखात तो करावा लागला. दिवसाआड वरात होती आणि नेहमीच्या नालबंदाला वेळ नव्हता, म्हणून दुसऱ्याला बोलावलं. त्यानं नाल नीट बसावा म्हणून तळ सुरीनं इतका तासला की अंगठ्यानं दाबला तर दबत होता. वरून उजव्या पुढच्या पायात एक खिळा जिव्हारी लागला. संध्याकाळी वरातीच्या वेळी शेवंती तीन पायांवर उभी होती, चौथ्याचं फक्त टोक जमिनीला. नवरदेव कारनं गेला. त्यांच्याकडून घेतलेले पैसे मी परत केले, पण मला त्याचं काही नाही. रात्री खिळा ओढला तेव्हा त्याच्यामागून काळपट पाणी आलं आणि घोडीनं मान माझ्या खांद्यावर टाकली, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. बरं व्हायला बारा दिवस गेले.

तेव्हाच ठरवलं, आषाढातला शेवटचा मुहूर्त आटोपला की चारही नाल काढायचे. चातुर्मासात तशाही वराती नसतात. जुलैच्या मध्यात नाल काढले, आता तीन महिने झाले. पावसाळाभर मी रोज खूर साफ केले, पण कापायची हिंमत झाली नाही.

दसऱ्याला पूजेसाठी पाय धुतले, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि हळदकुंकू लावायला खाली बसलो, तेव्हा खूर नीट पाहिले. उजव्या पुढच्या खुराची बाहेरची बाजू घंटेच्या कडेसारखी फाकली आहे. खिळ्यांची जुनी भोकं वाढत वाढत कडेला आलीत आणि तिथून टवके उडून राहिलेत. केसांच्या रेघेपासून टोकापर्यंत उजवा ९.५ सेंटीमीटर भरला, डावा ९.१. पाय उचलून पाहिला तर खुराची बाहेरची भिंत आणि तळ यांच्यामधली पांढरी रेघ टोकाजवळ ताणल्यासारखी रुंद झालेली, तिच्यात तांदळाएवढे दोन खडे रुतलेले. पुतळीच्या, म्हणजे तळाच्या मधल्या मऊ त्रिकोणी भागाच्या, मधल्या भेगेत खूर साफ करायच्या आकडीचं टोक जवळजवळ एक सेंटीमीटर आत जातं. आतून काळं निघतं आणि नाक धरावं असा वास येतो. मोबाईलवर हळू गतीचा व्हिडिओ काढला, त्यात पुढच्या दोन्ही पायांची टोकं आधी टेकताना दिसतात, टाच मागून. गिट्टीवर तर ती पाय ठेवायलाच बिचकते.

तबेल्यात खाली काळी माती आहे, म्हणजे पावसात चिखल. खायला कडब्याची कुट्टी, तुरीचं कुटार, सकाळ-संध्याकाळ हरभऱ्याचा भरडा.

१४ इंची कानस, खूर कापायचा जंबूर आणि वाकडी सुरी आणून ठेवली आहे. आता सांगा, कापायचं कुठून आणि किती? आणि तुळशीचं लग्न लागलं की पहिली वरात आहे. त्याला साडेचार आठवडे उरलेत. तिला नालाशिवाय रस्त्यावर नेऊ शकेन का?

तबेलेवाली ताई, काटोल रोड

भाऊ, आधी ती सुरी उचलून पेटीत ठेवा. शेवंतीच्या तळाला पुढचे कित्येक महिने सुरीची गरज नाही. आतल्या हाडाखाली निदान दीड सेंटीमीटर तळ हवा, म्हणजे गिट्टीचा टोचा हाडापर्यंत पोचत नाही. वैशाखात तो तासून नेला आणि त्यावर पावसाळा आला. ओला तळ मऊ राहतो. गिट्टीवर ती बिचकते त्याचं निम्मं कारण हेच असावं.

मी सात वर्षांपासून माझ्या चार घोड्यांचे खूर स्वतः करते. पहिल्या वर्षी जे चुकलं ते सगळं जास्त कापल्यामुळे चुकलं, म्हणून सांगते.

पहिले दोन दिवस कानसही हातात घेऊ नका, नुसतं मोजा. पाय उचला, ब्रशनं तळ स्वच्छ करा. पुतळीच्या दोन्ही बाजूंना खाचा आहेत ना, त्या पुतळीच्या पुढच्या टोकाशी किती खोल आहेत ते आकडी उभी धरून बघा. तळाच्या कडेपासून खाचेच्या बुडापर्यंत एक सेंटीमीटरही भरत नसेल तर तळ पातळ आहे असं समजायचं. मग टोकाकडे खालून काहीही काढायचं नाही, खुराची लांबी कितीही दिसो. तुमचा ९.५ चा आकडा वाचून कोणीतरी सांगेलच की चारशे किलोच्या घोड्याला साडेसात-आठ पुरे, दीड सेंटीमीटर उडवा. तसं केलंत तर घोडी उद्या चालणार नाही. लांबी बाहेरून दिसते, आत तळ कुठे आहे ते बाहेरून दिसत नाही.

मग खूर बाजूनं बघा. सपाट फरशीवर उभी करा, मोबाईल जमिनीला टेकवून फोटो काढा. केसांच्या रेघेखालचा पहिला दीड-दोन सेंटीमीटरचा पट्टा नवीन आहे, नाल काढल्यानंतर वाढलेला. तो आतल्या हाडाला घट्ट धरून असतो. फोटोवर त्या पट्ट्याच्या उतारानं पट्टी ठेवून रेघ सरळ खाली जमिनीपर्यंत न्या. भिंत जिथे त्या रेघेच्या बाहेर जाते तिथून ती फाकलेली आहे. तुमच्या घोडीची भिंत बहुतेक मधूनच बाहेर गेलेली दिसेल. ती रेघ म्हणजे तुमचा नकाशा. खूर तिकडे जाऊ पाहतोय, तुम्ही फक्त वाट मोकळी करायची.

एक गोष्ट सगळे चुकतात, मीही चुकले होते. काळ्या खुराच्या कडेला आतून पांढरा पट्टा दिसतो, तो भिंतीचाच भाग आहे, फक्त त्यात रंग नसतो. खरी पांढरी रेघ त्याच्या आत असते आणि ती पिवळसर असते, मेणासारखी. नावालाच पांढरी. तुम्ही मोजली ती कोणती, परत बघा.

आता कानस. सुरुवात टाचेपासून. टाचेच्या कोपऱ्यात भिंत वळून आत येते, तिथल्या तळावरचा भुसभुशीत, खडूसारखा थर ब्रशनं जितका निघेल तितकाच काढा. खाली टणक, किंचित चमकदार तळ लागेल. टाच त्याच्या वर एक-दोन मिलिमीटर राहील इतकी घासा. दोन्ही टाचा सारख्या झाल्या का ते पायाला मागून, टाचेवरून टोकाकडे बघत तपासा. पाय सैल धरा. ओढून धरलात तर वाकडा पायही सरळ दिसतो.

टोकाला खालून हात लावायचा नाही. पाय पुढे घ्या, मांडीवर किंवा लाकडी ठोकळ्यावर ठेवा आणि भिंतीची बाहेरची खालची कड वरून तिरपी घासा, साधारण ४५ अंशात, पांढऱ्या रेघेच्या अलीकडे थांबा. फाकलेल्या बाजूलाही तेच, पण जरा जास्त. टवके तिथूनच उडतात, कारण पाय टेकला की जमीन त्या फाकलेल्या भिंतीला दर पावलाला बाहेर उचकटते. कड गोल झाली की उचकटणं थांबतं. वरच्या दोन तृतीयांश भिंतीवर कानस फिरवू नका. खूर छान चकचकीत दिसतो, पण भिंत पातळ होते.

पहिल्या दिवशी एका पायाला हे एवढंच. मग दोन आठवड्यांनी परत, थोडं थोडं. भिंत महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढते. म्हणजे टोकाची सगळी भिंत नवीन यायला वर्षाच्या आसपास लागतं. घाई करून ती लवकर येत नाही.

पुतळीचा सडा, म्हणजे भेगेतली ती कुज, आधी बरा करा. टाचेत दुखत असेल तर घोडी टाच टेकवणार नाही, टोकच टेकवणार, आणि टोक टेकवत राहिली की टोकाची भिंत ताणत राहणार. तुमचं सगळं दुखणं त्या भेगेपासून सुरू झालं असेल तरी मला नवल वाटणार नाही. तबेल्यात निदान अर्ध्या भागात मुरूम टाका, वर कन्हान नदीची जाड रेती. माझा सगळ्यात चांगला खर्च झाला असेल तर तो दोन ट्रॉली मुरमाचा.

वरातीचं आताच कोणाला कबूल करू नका. तीन आठवड्यांनी व्हिडिओ टाका, मग बोलू.

नालबंदाचा नातू, कामठी

भाऊ, ताईनं सारं बरोबर सांगतलं. मी दोनच गोष्टी जोडतो.

आमचे आजोबा कामठीत टांग्याच्या घोड्यांचे नालबंद होते. छावणीमुळे इथं घोड्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. ते तळ तासायच्या आधी दोन्ही अंगठे तळावर ठेवून जोर देत. जरासा जरी दबला तरी सुरी खाली ठेवत आणि मालकाले सांगत, नाल आज नाही, आठ दिवसांनी ये. गिऱ्हाईक चिडत असे. पण त्यांच्या हातून घोडा लंगडा झाला असं मी कधी ऐकलं नाही. तुमच्यासोबत जे झालं ते वाचून मले लई वाईट वाटलं, कारण ते टाळता येत होतं.

दुसरं, खुराले काळं ऑइल लावू नका. गाडीचं जळकं ऑइल लावायची इकडे खोड आहे, खूर काळा कुळकुळीत दिसते म्हणून. आजोबा ते लावू देत नसत. पुढं मार्च-एप्रिलात खूर दगडासारखा होईन, कानस नुसती घसरंन. तवा रात्रभर ओलं पोतं पायाखाली टाकून द्या, सकाळी घासा. आता पावसाळा नुकताच गेला, आता पोत्याची गरज नाही.

आणि पाय धरताना स्वतःच्या गुडघ्यांत धरा, बाहेर ओढू नका. ५८ इंची घोडी, तुम्ही तिच्याइतकं खाली वाकाल तरच ती उभी राहीन. पाच मिनिटं झाली की पाय सोडा. पुढचा पाय दुखरा असलेल्या घोडीले दुसऱ्या पायावर जास्त वेळ उभं ठेवणं म्हणजे तिच्यावर जुलूम आहे.

शेवंतीचा मालक

ताई, तुमचं बरोबर निघालं. मी मोजली ती आतली पांढरी भिंतच होती. पण खरी पिवळी रेघही टोकाशी रुंद आहे, पाचेक मिलिमीटर. बाजूला जेमतेम तीन. खाच उजव्या पायाला आठ मिलिमीटर, डाव्याला अकरा. म्हणजे उजव्याचा तळ पातळच. अंगठ्यानं आता दबत नाही, एवढं बरं आहे.

अजून एक, खुरावर आडव्या कड्या आहेत. टाचेकडे त्या एकमेकींपासून लांब आहेत, टोकाकडे जवळ. याचा काही अर्थ असतो का?

गुरांचा डॉक्टर, नागपूर

असतो, आणि म्हणूनच मध्ये बोलतो आहे.

टाचेकडे रुंद आणि टोकाकडे दाटलेल्या कड्या, वर ताणलेली पिवळी रेघ, हे दोन्ही एकत्र दिसले की मी लॅमिनायटिसचा विचार करतो. म्हणजे भिंतीला आतल्या हाडाशी धरून ठेवणाऱ्या पापुद्र्यांची सूज. मोठा झटका आला की घोडा मागे झुकून, पुढचे पाय लांब टाकून उभा राहतो, ते कोणालाही कळतं. पण हलका, वारंवार येणारा त्रास कोणाच्या लक्षात येत नाही. मालकाला वाटतं खूर फाकलाय, नुसतं कापलं की झालं.

वरातीच्या घोड्यांत याचं कारण बहुतेक वेळा तोंडातून गेलेलं असतं. घरी दोन वेळा हरभरा, वर प्रत्येक मांडवात कोणी भिजवलेली डाळ भरवतं, कोणी गूळ, कोणी पेढा. लोक मायेनंच देतात. पण एकाच संध्याकाळी पोटात गेलेला स्टार्च आणि साखर मोठ्या आतड्यात आंबते आणि त्याचा फटका पायाला बसतो. आणि शेवंती तर तीन महिने उभी आहे, काम नाही आणि भरडा तेवढाच. तो आजपासून कमी करा, आठवडाभरात निम्म्यावर आणा. कुट्टी आणि वाळलेलं गवत वाढवा, पोट भरलेलं राहू द्या.

रोज सकाळी पुढच्या पायांची नाडी बघा. खुराच्या वर जो गाठीसारखा सांधा असतो, त्याच्या मागच्या बाजूला, आत आणि बाहेर दोन्हीकडे बोटं हलकी ठेवली की लागते. निरोगी पायात ती शोधावी लागते. ती टपटप उडत असेल आणि खूर गरम असेल, तर कानस ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सेमिनरी हिल्सजवळ पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. पायाचा बाजूनं एक्स-रे निघाला तर हाड सरकलंय का आणि तळ किती जाड आहे, दोन्ही एकदाच कळतं. मग अंदाजानं कापायला नको.

पुतळीसाठी रोज खूर साफ करून, भेग कोरडी करून, सौम्य केलेल्या पोव्हिडोन आयोडीनमध्ये भिजवलेली कापसाची वात आत सारा. रोज नवी. मोरचूद थेट भरू नका, उघड्या मांसाला भाजतं. रक्त निघेपर्यंत खरवडू नका आणि धनुर्वाताची लस झाली आहे का ते तपासा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. वैशाखात खिळा लागला तेव्हा दिली असेल तर तारीख लिहून ठेवा.

बायोटिन रोज २० मिलिग्रॅम देता येईल. पण ते नव्यानं येणाऱ्या भिंतीत उतरतं, आताच्या भिंतीत नाही. सहा महिने तरी सलग द्यायची तयारी असेल तरच सुरू करा.

शेवंतीचा मालक

सव्वाचार आठवड्यांनी परत लिहितो आहे. तुम्हा तिघांचे मनापासून आभार. क्रमानं सांगतो.

डॉक्टरसाहेब, तुम्ही लिहिलंत त्या दिवशी नाडी पाहिली. उजव्या पायाला लागत होती, जोरात नाही, पण डाव्यापेक्षा स्पष्ट. दुसऱ्याच दिवशी तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. एक्स-रेमध्ये हाड जागेवर आहे, थोडंसंही फिरलेलं नाही, हे ऐकलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तळ मात्र उजव्या पायाला ११ मिलिमीटरच निघाला. भरडा निम्मा केला, गूळ पूर्ण बंद. आठव्या दिवसापासून ती नाडी शोधावी लागते.

मुरूम टाकला. रेती अजून यायची आहे.

भेगेत वात रोज. पहिले सहा दिवस वास तसाच होता आणि मला वाटलं काही उपयोग नाही. दहाव्या दिवशी कापूस बाहेर काढला तर तो फक्त आयोडीनच्या रंगाचा होता, काळा नाही. आता आकडी चार मिलिमीटर जाते आणि तिथे दाबलं तरी ती पाय ओढत नाही.

कानस पहिल्यांदा कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी हातात घेतली. ताई, तुमच्या म्हणण्याप्रमाणे फोटोवर रेघ ओढली होती. पायाजवळ तो फोटो तबेल्याच्या भिंतीला चिकटवला आणि बघत बघत घासलं. टाचेला मोजून आठ हात मारले. कोरड्या भिंतीवर कानस खरखर वाजते आणि टणक तळाच्या जवळ आली की आवाज बारीक होतो. तो बदल दुसऱ्या पायापर्यंत कानाला कळायला लागला. बाहेरची फाकलेली कड गोल करताना खिळ्याचं शेवटचं भोक कानसेखाली निघून गेलं. वैशाखात जिव्हारी लागलेल्या खिळ्याचंच होतं ते. भोकाभोवती रक्ताचा जुना, वाळलेला तांबूस डाग होता. मी तो तुकडा ठेवला आहे.

त्यानंतर दोन आठवड्यांनी एकदा, परवा एकदा. उजव्याची लांबी आता ८.९ सेंटीमीटर आहे, सगळी कड गोल केल्यामुळे. खालून टोकाला हात लावलेला नाही. खाच उजव्या पायाला साडेनऊ मिलिमीटर झाली. पिवळी रेघ अजून रुंदच आहे. वरचा नवा पट्टा खाली यायला किती वेळ लागणार ते ताईंनी सांगितलंच आहे.

काल सकाळी घरासमोरच्या सिमेंट रस्त्यावर व्हिडिओ काढला. डाव्या पायाची टाच आधी टेकते. उजव्याची पहिल्या वीस पावलांत टोक आणि टाच एकदम, नंतर टाच आधी. गिट्टीवर अजून बिचकते, म्हणून तिकडे नेत नाही.

पहिली वरात मी नाकारली. त्यांचं अंतर साडेतीन किलोमीटर होतं आणि अर्ध्या रस्त्याचं काम चालू आहे, गिट्टी उघडी पडली आहे. दुसरी घेतली आहे, सक्करदऱ्यात, सगळा सिमेंट रस्ता, एक किलोमीटरपेक्षा कमी. घरच्यांना आधीच सांगितलंय की घोडीला काही भरवायचं नाही. कोणाला ओवाळून द्यायचंच असेल तर मूठभर कुट्टी मी सोबत घेऊन येईन. मुलीच्या आजीनं दोनदा विचारलं, डाळीचे चार दाणे तरी? मी कारण सांगितलं तर म्हणाल्या, बरं बाबा, कुट्टीच आण, पण पितळेच्या ताटलीत आण.

कामठीवाले भाऊ, तुम्हाला एक विचारायचं होतं. मागच्या डाव्या पायाला ती उभी राहत नाही, तीन-चार हात मारले की पाय खाली ओढते. दुखत नाही, तपासलं. आजोबा मागचा पाय कसा धरत असत?